खरवडलेला शेंदूर

वसंता अडकला तो तिसऱ्या परिच्छेदावर. "इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे, तर..." असं म्हणून त्याने हात वर उचलला आणि तो तसाच वर राहिला. परीक्षकांच्या टेबलामागून तळेकर सरांनी ओठ हलवले. 'वर्तमानाची मुळं.' वसंताला काही उमजेना. सरांनी पुन्हा ओठ हलवले, या वेळी चांगले ताणून. पहिल्या रांगेतल्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या.

"तर... तर इतिहास फार महत्त्वाचा आहे," असं म्हणून वसंता मोकळा झाला आणि घाम पुसत व्यासपीठावरून उतरला.

सरांनी कपाळाला हात लावला. भाषण त्यांनीच लिहून दिलं होतं. आठवडाभर घरी बोलावून, चहा पाजून पाठ करून घेतलं होतं. कुठे हात वर करायचा, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं शिकवलं होतं. आणि या गाढवाच्या लक्षात काय राहिलं, तर तेवढा हात!

मागे फळ्यावर विषय लिहिला होता: 'महाविद्यालयातील सर्व विद्यार्थ्यांनी इतिहास शिकलाच पाहिजे.' अक्षर सरांचंच. ही स्पर्धा म्हणजे त्यांची नोकरी होती, हे मात्र फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. जाफराबादच्या या कॉलेजात बी.ए.ला इतिहास घेणारी पोरं वर्षागणिक कमी होत गेली होती. कुणाला डी.एड. करायचं होतं, कुणाला पोलीस भरती, आणि उरलेल्यांना सायन्स. सरांचे तास भरेनात. तेव्हा सायन्स आणि कॉमर्सच्या पोरांनाही इतिहासाचा एक तास सक्तीचा करावा, असा अर्ज घेऊन सर संस्थेच्या अध्यक्षांकडे, काकासाहेबांकडे गेले होते.

काकासाहेब पान चघळत म्हणाले होते, "सक्ती म्हणलं की पोरं बोंबलत्यात, सर. वादविवाद ठेवा. तुमची बाजू जिंकली तर पुढल्या साली तास लावून टाकू. न्हाई जिंकली तर मंग आपली राजूरची शाळा हायेच. पाचवी ते सातवी. इतिहास शिकवा, अन् येळ पडली तर पी.टी. घ्या."

पी.टी.! एम.ए.ला विद्यापीठात दुसरा आलेला माणूस या वयात शिट्टी गळ्यात अडकवून पोरांना 'एक साथ नमस्ते' करायला लावणार!

खरं तर नोकरीपेक्षाही एक गोष्ट त्यांना जास्त झोंबत होती. वीस वर्षं घसा कोरडा केला, पण एका पोराने मनापासून ऐकलं असेल तर शपथ. स्टाफरूममध्ये ते असईच्या सहलीचा किस्सा हमखास सांगायचे, दोन वर्षं झाली तरी.

"अहो, इथून हाकेच्या अंतरावर मराठ्यांची अन् इंग्रजांची लढाई झाली. पोरांना गाडी करून नेलं. वस्तीवरच्या बांधावर खुद्द तोफेचा गोळा सापडला मला, शेंदूर फासून देव करून ठेवलेला! शेंदूर खरवडून दाखवला, म्हणलं बघा, हे लोखंड बघा, हा अठराशे तीनचा पुरावा. अन् पोरं काय करून राह्यली होती? भेळ खाऊन राह्यली होती!"

ऐकणारे हसायचे.

वसंतानंतर विरोधी बाजूचा एक पोरगा आला. "बाबराच्या पोराचं नाव पाठ केल्यानं मोटार रिवाइंडिंग येते का?" असं त्याने विचारलं आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. सरांनी शांतपणे चार गुण मांडले. असल्या टाळ्यांना ते भीत नव्हते. प्राचार्यांनी पुढचं नाव पुकारलं.

"कौसल्या. बी.एस्सी. प्रथम वर्ष. विषयाच्या विरुद्ध."

हडकुळी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली पोरगी वर आली. तिच्या हातात कागद नव्हता. माईक तिच्या कपाळाच्या वर होता, तो कुणी खाली करेपर्यंत ती थांबली.

"इतिहास खोटा असतो, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "इतिहास खरा असतो. माझी अडचण तीच आहे."

सरांनी पेन उचललं.

"आमच्या वस्तीवर एक बांध आहे. एकीकडे माझ्या आज्याची जमीन, दुसरीकडे चुलत्याची, कारभारीकाकांची. पूर्वी आमची माणसं मेंढरं घेऊन फिरायची. मग जमीन झाली, आणि जमिनीबरोबर भांडणं आली. पाण्यावरून झाली, गुरांवरून झाली, एकदा कुऱ्हाडीही निघाल्या. पण बांधाला कुणी हात लावला नाही. कारण बांधावर म्हसोबा होता. नारळाएवढा, शेंदराचा. दर अमावस्येला दोन्ही घरची माणसं त्याला तेल वाहायची. ज्या दिवशी बोलणं बंद असायचं, त्या दिवशीही वाहायची."

बोलता बोलता तिची पुस्तकी भाषा गळायला लागली, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"मंग एक दिवस कळलं, की तो म्हसोबा न्हाई, तोफेचा गोळा हाये. जुन्या लढाईतला. खरंच होतं ते, बिलकुल खरं. काकांनी दोन दिवस इचार केला. म्हणले, लोखंडच हाये ना, मंग भ्यायचं कशाला? गोळा उचलला अन् जालन्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकला. तिथं लोखंडाच्या भट्ट्या हायेत, तुम्हाला म्हाईत हाये. त्या साली पेरणीला काकाचा नांगर हातभर आमच्यात आला. दुसऱ्या साली अजून आत आला. आता भोकरदनच्या कोर्टात तारखा पडतात. माझी काकू मला लहानपणी जेवू घालायची. आता ती रस्त्यात दिसली की पदर ओढून घेते."



"सगळ्यांनी इतिहास शिकलाच पाहिजे म्हणता. आमच्या वस्तीवर सगळे शिकले. एकाच धड्यात शिकले. म्हसोबा काढल्यावर त्याच्या जाग्यावर काय ठेवायचं, ते मात्र कुणी शिकवलं न्हाई. ते शिकवायचं असंल तर सक्ती करा. एवढंच."

ती उतरली. टाळ्या लगेच पडल्या नाहीत, मग पडल्या तेव्हा थांबेनात.

तळेकर सरांचा हात पँटच्या खिशात गेला होता. तिथे स्कूटरची किल्ली होती. याच किल्लीने त्यांनी शेंदराचे पापुद्रे काढले होते. चांगले जाडजूड पापुद्रे, एकावर एक. निघत नव्हते, तेव्हा त्यांनी गुडघा टेकून जोर लावला होता, आणि खालचं काळं लोखंड दिसलं तेव्हा 'हे बघा!' म्हणून ते ओरडले होते. तो बांध कुणाचा, हे विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं. पोरीने त्यांचं नाव घेतलं नव्हतं. हॉलमधल्या एकाही पोराला काही कळलं नव्हतं, आणि त्यांचे कान मात्र गरम झाले होते.

निकालाला तिघे परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत बसले. मराठीच्या बाईंनी डोळे टिपत कौसल्याला पहिलं दिलं होतं. कॉमर्सचे गावंडे सर जुने दोस्त, त्यांनी वसंताला दिलं होतं.

"वसंता पार भुईसपाट झाला, पण म्हणलं आपल्या माणसाचं काम आहे," गावंडे हळूच म्हणाले. "आता बराबरी झाली. तुम्ही टाका वसंताला, अन् लावा तुमचा तास."

सरांनी आपला कागद उलगडला. वसंताच्या नावापुढे वीसपैकी अठरा हा आकडा त्यांनी सकाळीच, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी शाईने मांडून ठेवला होता. आता तो आकडा बघून त्यांना स्वतःचीच किळस आली. भाषण आपलं, हातवारे आपले, आणि बक्षीसही आपणच द्यायचं! ते चिडले होते. त्या पोरीवर चिडले होते, कारण आजच, याच दिवशी तिला तोंड उघडायचं होतं. काकासाहेबांवर चिडले होते. भेळ खाणाऱ्या त्या सगळ्या टोळक्यावर चिडले होते. पण ती बोलली त्यातला एक शब्द खोडून काढावा म्हटलं, तर तो सापडेना.

त्यांनी अठरावर काट मारली.

"अहो तळेकर, काय करून राह्यले?" गावंडे खुर्चीतून अर्धे उठले. "पायावर धोंडा पाडून घेताय!"

"पडू द्या," सर म्हणाले आणि कागद प्राचार्यांच्या हातात दिला.

निकाल लागला, कौसल्या पहिली. काकासाहेब भाषणाला उभे राहिले, माईकवर टिचकी मारली आणि हसत म्हणाले, "इतिहासाच्या सरांनीच इतिहासाला पाडलं, मंग आम्ही काय बोलावं? सक्ती बिक्ती काय न्हाई. काळजी करू नका सर, राजूरला रोज गणपतीचं दर्शन होईल." सगळा हॉल हसला. सरही हसले, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

ऊन उतरल्यावर ते स्कूटर घेऊन निघाले, तर असईकडे जाणाऱ्या जीपजवळ कौसल्या उभी होती. बक्षिसाची ढाल तिने ओढणीत गुंडाळून काखेत मारली होती. सर पुढे जाणार होते, पण राहवलं नाही. त्यांनी स्कूटर बंद केली.

"दोन वर्षं झाली. मला येऊन सांगायचं नाही का?" आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"काय सांगणार सर? तुम्ही खोटं थोडंच बोलले होते?"

"मला वाटलं, त्या दिवशी कुणी ऐकलंच नाही. सगळे भेळ खात होते."

"सगळे भेळच खाऊन राह्यले होते," ती म्हणाली. "मी बांधाच्या कडेला गवत कापून राह्यले होते, मी एकटीनंच ऐकलं. लई आवडलं होतं मला. आमच्याच बांधावर एवढं मोठं काय होतं अन् आम्हाला पत्ताच न्हाई! पळतच घरी गेल्ते. काकाच्या घरी पण मीच सांगितलं, तुम्ही बोलले तसंच्या तसं."

वीस वर्षं ते अशाच एका पोराची वाट बघत होते. ते पोर समोर उभं होतं, आणि त्याच्याकडे मान वर करून बघायचीही त्यांना लाज वाटत होती.

जीपवाला ओरडला, "चला, असई, असई! एकच शीट हाये, चला जल्दी!"

कौसल्या हलली नाही. "सर, तो गोळा होता, हे आज्याला तेवढं सांगितलं न्हाई मी. त्याला दिसत न्हाई आता. म्हसोबा जाग्यावर न्हाई ते त्याला म्हाईत हाये, पण तो म्हणतो, रुसून गेला, येईल परत. अजून दर अमावस्येला काठी टेकत जातो अन् रिकाम्या जाग्यावर तेल वाहून येतो." ती थांबली. "तुम्ही म्हणता सगळ्यांना म्हाईत पाहिजे. मी आज जिंकले, पण मलाच कळून न्हाई राह्यलं. त्याला सांगू का?"

असला प्रश्न कुणी विचारला की सरांचं उत्तर तयार असायचं. वर्गात, स्टाफरूममध्ये, अर्जात, वसंताच्या भाषणात त्यांनी ते कितीदा दिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"आज नको," ते म्हणाले.

"मंग कधी?"

जीपवाल्याने हॉर्न दाबून धरला. कौसल्याने क्षणभर वाट पाहिली, मग ढाल छातीशी धरून ती दोन बायांच्या मधात घुसली आणि जीप धूळ उडवत सुटली.

सरांनी स्कूटरची किल्ली काढून घेतली, तिचे दात अंगठ्याने पुसून बघितले, ती खिशात टाकली आणि स्कूटर ढकलत ढकलत घराकडे निघाले.