धुऊन परत आलेली वाटी

माझं बोलणं निम्मं वजा करून ऐकायचं, हे नवीन पनवेलात सगळ्यांना ठाऊक आहे. विचुंब्याच्या ओढ्यात मगर पाहिली म्हणालो, तर लोकांनी ती घोरपड असणार असं धरलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्या सकाळी एसटीडीच्या बूथमध्ये मात्र वाटलं.

आमचा मुलगा सत्यजीत न्यू जर्सीला. ब्याण्णव साली आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याच्या गल्लीत आपलं माणूस औषधालाही नव्हतं. होळीला माझ्या बायकोने, कुमुदने, शेजारच्या गोऱ्या बाईला वाटीभर बासुंदी दिली. बाईने वाटी लख्ख धुऊन, रिकामी परत केली. आपल्याकडे शेजारचं भांडं निदान चिमूटभर साखर घालून तरी परत जातं. बाईने संबंधच तोडले, असं कुमुदने धरलं. पुन्हा ती कुणाच्या दारात गेली नाही. आठ महिने भिंतींशी बोलली, इतकं की शेवटी भिंती मराठीत हुंकार द्यायला लागल्या. रक्तदाब असा चढला की डॉक्टरच्या यंत्रातला पारा छताला चिकटला.

मग सत्यजीतने भाड्याचं घर बदललं. या गल्लीत पटेल, रेड्डी आणि एक कुलकर्णी. एका दारातून वाटी गेली की पाच घरं फिरून गुलाबजाम घेऊन यायची. कुमुदची साखर वाढली, पण रक्तदाबाची गोळी निम्म्यावर आली. झोप लागायला लागली.

पुढे आम्ही पनवेलला परतलो. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर आमचं तिकडे कायमचं जायचं ठरत होतं. तेवढ्यात सत्यजीतने कळवलं, की तो स्वतःचं घर घेतोय, गावापासून लांब. म्हणून कुमुदला घेऊन मी बूथमध्ये उभा होतो.

"ते घर घेऊ नकोस रे. तिथे तुझी आई टिकणार नाही."

"बाबा, तिकडे उजाडलं नाही तोच सुरू झालात?" तो हसला. "आता पाऱ्याची गोष्ट सांगाल."

"पारा सोड. ती खरंच आजारी पडली होती."

"मला कधी बोलली नाही ती."

कशी बोलेल? ताप आला तरी पाहुण्यांना पोहे करणारी बाई. मी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"बरी आहे रे मी," कुमुद म्हणाली. मी कपाळावर हात मारला. मग तिने विचारलं, "नव्या घराच्या शेजारी कोण आहे?"

"कुणीच नाही, आई. दोन्हीकडे झाडं. अगदी शांत. तुला आवडेल."

ती रिसीव्हर माझ्याकडे देऊन बूथमधल्या स्टुलावर बसली. साठ वर्षांची बाई एकदम सत्तरीची दिसायला लागली.

"अहो, मी येत नाही म्हणून सांगा त्याला," ती म्हणाली. "आणि तुमच्या पद्धतीने सांगू नका."

मी तेवढंच सांगितलं, एका वाक्यात. या वेळी तो हसला नाही.