महारोहिणीची भिंत

मार्गशीर्षातलं ऊन सोलापूरजवळच्या काळ्या रानावर उतरलं होतं. कोवळं, केशरी, अंगावर पांघरून घ्यावं असं. पोटरीत आलेला शाळू वाऱ्याच्या लाटेसरशी वाकत होता, आणि लाट सरली की पुन्हा उभा राहत होता.

रानाच्या कडेच्या घरात मल्लिनाथ कोरे खिडकीशी बसून होते. सारं आयुष्य त्यांनी सुंदरी वाजवण्यात घालवलं होतं. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. दीड वीत लांबीची, पण स्वर असा मधाळ-धारदार, की मंडपातली कुजबुज आपोआप थांबावी. त्यांचा एक श्वास संपता संपत नसे. सांजवेळच्या मारवा रागाचा एकच स्वर ते असा धरून ठेवत, की सूर्य मावळायला विसरला की काय असं वाटे.

यंदाच्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली होती. तपासण्या झाल्या. डॉक्टर निवेदिता होनराव यांनी पडद्यावर काळी-पांढरी छाया दाखवली.

"ही महारोहिणी. काळजातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. प्रत्येक ठोक्याला तिची भिंत फुलते आणि पुन्हा जागेवर येते. तुमची फुलली, पण परत आली नाही. जितकी फुगते तितकी पातळ होते, आणि जितकी पातळ तितका तिच्यावरचा ताण वाढतो."

"मग?" नीलव्वांनी, त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

"ऑपरेशन करावं लागेल. तोवर फुंकणं बंद. फुंकताना दाब एकदम चढतो. भिंत फाटेल."

आणि घर निःशब्द झालं.

रक्त आपल्या वाटेनं वाहत होतं. आतली ती झिरझिरीत, जर्जर भिंत प्रत्येक ठोक्याला थरथरत सोसत होती, आणि बाहेर एक माणूस स्वरावाचून झुरत होता. ओठ कोरडे. छातीत साठलेला श्वास, साठलेला मारवा, साठलेलं सगळं.

संध्याकाळी ते सुंदरी हाती घेत. ओठांना लावत नसत. भोकांवर नुसती बोटं फिरत. चढत, उतरत, रेंगाळत. नीलव्वा ज्वारी पाखडता पाखडता थांबत, त्या बोटांकडे बघत राहत.

"आज धैवतावर लई वेळ थांबलात," एकदा त्या म्हणाल्या.

मल्लिनाथांनी मान वर केली. इतकी वर्षं ही बाई उंबऱ्याआड बसून ऐकत होती, हे त्यांना ठाऊक होतं. इतकं ऐकत होती, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सुंदरी मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी, इतके दिवस टाळलेल्या ऑपरेशनला होकार कळवला.

फुगलेला भाग काढून तिथं विणलेल्या कापडाची नळी शिवली गेली. कळा सरल्या, व्रण वाळला, थंडी आली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "कापड फाटायचं नाही. पण त्याला तुमच्या रक्तवाहिनीसारखं फुलता येत नाही. ठोक्याचा धक्का पुढं तसाच जातो. आणि पुढची भिंत जुनीच आहे. वाजवा, पण हळू. लांब श्वास आता नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही, काका."

मार्गशीर्षातल्या त्या सायंकाळी ते खिडकीपासून उठून अंगणात आले. त्यांनी सुंदरी ओठांना लावली. स्वर उमटला, क्षीण, ओलसर, पण त्यांचाच. कोमल ऋषभ हळूच डोकावला. गंधार आला. धैवताकडे निघालेली ती दीर्घ, व्याकूळ मींड अर्ध्यावर आली आणि श्वास संपला. पूर्वी तो इथं सुरू होत असे.

त्यांनी सुंदरी खाली घेतली. डोळे पाण्यानं भरले होते.

"राहिलं," ते म्हणाले.

अंगणातच ज्वारी पाखडत बसलेल्या नीलव्वांनी सूप बाजूला ठेवलं. जन्मात कुणासमोर त्या गायल्या नव्हत्या. घसा खाकरून, पदर सावरून त्यांनी तो तुटलेला स्वर जिथं पडला होता तिथून उचलला. आवाज जाडाभरडा होता, चिरकत होता, पण धैवताची वाट चुकला नाही.

मल्लिनाथ ऐकत राहिले. जो श्वास पुन्हा आपला होणार नव्हता, तो समोरच्या थकल्या गळ्यातून चालला होता. लिंबाखालून, कुंपणावरून, दूर धुळीच्या वाटेनं, सावकाश, सावकाश, काळोखात विरत.