जलील खाटकाची अन्वरी

"मान वर धर त्याची. अजून वर. डोळ्यात बघू नको," जलील म्हणाला. "अल्लाचं नाव घे आन् एका ओढीत काम कर. मधी थांबलीस तर त्याचे हाल हुतेत."

अन्वरीने नाव घेतले, पण मधे थांबलीच. बोकड ओरडले, तिच्या हातातून निसटले आणि अर्ध्या कापल्या मानेने अंगणभर फिरले. पाय धरून बसलेला बिरू धनगर मागे कोसळला. अन्वरी भिंतीला टेकून भडभडा ओकली. जलीलने डाव्या हाताने काठी उचलली आणि तिच्या पाठीत घातली.

"रडायचं आसंल तर आदी रडायचं. सुरी हातात घेतल्यावर न्हाय. जा, पुरं कर त्याचं."

तिने पुरे केले. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

लोहाऱ्यात जलीलचे दुकान एकटेच. वेशीजवळ पुढे दुकान, मागे घर आणि त्यामागे तुराट्यांच्या तट्टीने झाकलेले अंगण. राज्य निजामाचे होते आणि लढाई कुठेतरी लांब मुलखात चालली होती. जलीलचे सगळे सुरळीत होते. मग एका सकाळी, ओंडक्यावर बोकडाची मांडी तोडता तोडता, त्याच्या हातातून सत्तूर गळून पडला. उजवी बाजू गेली. हकिमाने महिनाभर तेल चोळले. पायात थोडा जीव आला, हातात आला नाही. मुलगा नव्हता. एकुलती एक अन्वरी.

बायकोने, हमिदाबीने, कापायच्या कामासाठी तिचे नाव काढले तेव्हा जलील आधी हसला. मग चिडला. तिसऱ्या दिवशी पहाटेची बांग झाल्यावर त्याने पोरीला उठवले.

"बाईच्या हातचं कापलेलं कुनी खात न्हाय. कुणाला कळलं तर?" अन्वरीने विचारले होते.

"कोन सांगणार? बिरू? त्याची बकरी आपल्याशिवाय कोन घेतंय."

बिरूने खरोखरच कुणाला सांगितले नाही. तो भल्या पहाटे बोकड घेऊन मागच्या दाराने यायचा, पाय धरायचा, चहा प्यायचा आणि जायचा. उजाडले की जलील सदरा बदलून पुढे ओंडक्यामागे जाऊन बसायचा. तोडून द्यायला एक गडी होता, त्यालाही मागे यायची मनाई होती. मागे अन्वरी कातडी सोलायची, वजडी धुवायची, मुंड्या जाळावर भाजून खरवडायची. हाताला चरबीचा वास इतका मुरला की हळद लावली, राख लावली, तरी जाईना. बरोबरीच्या पोरी तिच्याशेजारी बसेनाशा झाल्या.

पण हात बसत गेला. सहा महिन्यांनी बोकडाला कळायच्या आत काम व्हायला लागले. वर्षभरात जलीलने तट्टीआड येऊन बसणेही सोडले. अन्वरी जनावराला पाणी पाजायची, कानामागे खाजवायची, ते अंग सैल सोडायचे, आणि तेवढ्यात सगळे उरकलेले असायचे. बिरू एकदा म्हणाला, "बाई, तुझ्या हातानं मरायला त्येंला तरास न्हाय बघ." तिचे एवढे कौतुक आजवर कुणी केले नव्हते.

पुढे दुकानात शेजारची अजीजाबी मोठ्याने म्हणायची, "जलीलभाई, लकवा झाला खरा, पन तुमचा हात काय गेला न्हाय. इतकं साफ जनावर उमरग्यातबी मिळत न्हाय." जलील मान डोलवायचा. तट्टीआडून अन्वरी ऐकायची. पहिल्या पहिल्यांदा अब्बा आत आल्यावर तिच्याकडे बघून हसायचे. मग हसेनासे झाले. हळूहळू त्यांनाच ते खरे वाटायला लागले असावे.

अन्वरी सोळा वर्षांची झाली त्या वर्षी लालमहंमद शेठच्या मुलीचे लग्न निघाले. लालमहंमद चामड्याचा व्यापारी. लढाईत चामड्याला मागणी आली आणि त्याचा दबदबा इतका वाढला, की मशिदीत पहिल्या रांगेतली त्याची जागा तो नसला तरी कुणी घेत नसे. सात बोकडांचे काम जलीलकडे आले. हमिदाबीने आनंदाने शेजारी गूळ वाटला.

लग्नाच्या दिवशी पहाटे सहा बोकडे झाली होती. सातव्याच्या मानेवर अन्वरीचा हात होता, आणि त्या दिवशी काम मोठे म्हणून जलील शेजारी पाटावर बसला होता. तट्टी बाजूला झाली. लालमहंमद दोन माणसांसह आत आला. आठवे बोकड घ्यावे असे त्याच्या मनात आले होते, ते सांगायला तो स्वतःच आला होता.

तो अन्वरीच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिला. मग टांगलेल्या सहा धडांकडे.

"हे कुनी कापले?"

बिरूने बोकडाचे पाय सोडले.

"जलील, म्या तुला इचारतोय. माझ्या पोरीच्या पंगतीचे बोकडं ह्या छोकरीनं कापले? कवापास्नं चाललंय हे? तुला ठाव हुतं का?"

अन्वरीने बापाकडे पाहिले. ती पुढे सांगायची, त्या वेळी तिला भीती वाटली नव्हती. अब्बा आहेत, अब्बा सांगतील, असेच वाटले होते.

जलील भिंतीला धरून उठला. "न्हाय शेठ. अल्लाकसम न्हाय," तो म्हणाला. "म्या आत्ताच आलो नमाज पढून. रोज मीच करतो डाव्या हातानं. हिनं आज माझ्या माघारी सुरी घेतली." आणि त्याने डाव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. सुरी खाली पडली. तो आणखी मारत राहिला, लालमहंमद "पुरे" म्हणेपर्यंत.

मशिदीतल्या पेशइमामांना बोलावले. म्हातारे धापा टाकत आले, सगळे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाले, "शेठ, किताबात मनाई न्हाय. बाईनं नाव घेऊन कापलं तर हलालच हाय."

"किताब तुमची मौलवीसाब, पंगत माझी हाय," लालमहंमद म्हणाला. "पाव्हण्यांनी इचारलं, कुनाच्या हातचं, तर म्या काय सांगू?" मग अन्वरीकडे वळून, "उचल. तुझ्या हातचं हाय, तूच टाकून ये."

तिने सहा बोकडे पाटीत भरभरून गावाबाहेरच्या ओढ्यात नेऊन टाकली. अकरा खेपा झाल्या. तोवर ऊन वर आले होते आणि दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. दोन वर्षे तिच्या हातचे खाल्लेली माणसे. अजीजाबी तोंडाला पदर लावून थुंकली. कुणीतरी पोरांना सांगितले, आणि पोरे कुत्र्यांना हाका मारायला लागली. चौथ्या खेपेपासून कुत्री तिच्या पाटीवरच उड्या घ्यायला लागली. ती पडली तेव्हा लोक हसले. हमिदाबी दारात उभी होती. तिला जलीलने बाहेर पाऊल टाकू दिले नाही.

पंगतीसाठी उमरग्याहून महेबूब खाटकाला घाईघाईने आणले. चाळिशी ओलांडलेला, अंगाने सुटलेला, बायको मेलेला माणूस. ओढ्यापाशी त्याने टांगा थांबवला. कुत्र्यांना दगड मारून हाकलले आणि खाली बसून एका मुंडीची मान अंगठ्याने चाचपली. बिरू तिथेच बसला होता.

"एकाच ओढीत?" महेबूबने विचारले.

"एकाच," बिरू म्हणाला.

"सातीबी?"

"सहाच. सातवं जित्तंच सोडलं."

आठ दिवसांनी महेबूबचा निरोप आला. काही नको, नुसती पोरगी द्या. जलीलने होकार देताना अन्वरीला विचारले नाही, हमिदाबीलाही नाही. गावात आता तिला कोण करणार होते?

महेबूबच्या घरामागे तट्टी नव्हती, पुरुषभर उंचीची दगडी भिंत होती. लग्नानंतर पाचव्या दिवशी त्याने अन्वरीच्या पुढ्यात सुरी ठेवली.

"माझी कंबर धरती आता. उमरग्याला माझा हात माहीत हाय. तुझा कुनाला दिसायची गरज न्हाय."

"आन् दिसला तर?"

"दिसला तर म्या बी तुझ्या बापासारखंच म्हनंन," महेबूब म्हणाला. तेवढे तरी तो खरे बोलला, असे अन्वरी पुढे म्हातारपणी सांगायची.

दीड वर्षाने जलील लेकीला बघायला उमरग्याला आला. लोहाऱ्याचे दुकान तोवर मांस तोडून देणाऱ्या त्या गड्याचे झाले होते. जलील त्याच्या पायरीवर बसून कुत्री हाकलायचा. हमिदाबी वारली होती. त्याने आल्या आल्या अन्वरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती उभी राहिली, तशीच. दोघेही त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत.

जेवायला महेबूब आणि जलील शेजारी बसले. अन्वरीने वाढले. जलीलने एक तुकडा उचलला, ताटाच्या कडेला ठेवून जरा वेळ न्याहाळला. आयुष्यभर मांस हाताळलेला माणूस. रक्त पुरते निथळलेले, कुठे काळा डाग नाही, हे कळायला त्याला चाखून बघायची गरज नव्हती. त्याने जावयाकडे पाहिले. जावई खाली मान घालून खात होता.

"दामादजी," जलील म्हणाला, "हात लई साफ हाय तुमचा."

महेबूब चावायचा थांबला. जलीलने लेकीकडे बघितले नाही.

"व्हय अब्बा," अन्वरी म्हणाली. "त्येंच्यासारखा हात हिकडं कुनाचा न्हाय. घ्या अजून."

तिने त्याच्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले. जलीलने ते खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पहाटे लोहाऱ्याकडे जाणारी बैलगाडी होती. अन्वरीने भाकरी बांधून दिली, बापाला हात देऊन गाडीत बसवले आणि गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर उभी राहिली. घरात महेबूब अजून घोरत होता. मागे भिंतीशी दोन बोकडे बांधलेली होती. तिने त्यांच्यापुढे पाण्याची परात ठेवली, पदर खोचला आणि अंगणाच्या दाराला आतून कडी घातली.