कच्ची प्रत

बालवाडीच्या खोलीच्या खिडक्यांचे पडदे रोझविथाने स्वतः ओढून घेतले आणि ती सगळ्यात मागच्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसली. चित्रपट चालू असताना ती पडद्याकडे कधीच बघत नसे, मुलांच्या पाठींकडे बघे. चाळीस वर्षं तिने मुलांसाठी बाहुल्यांचे चित्रपट केले, आणि प्रत्येकाची कच्ची, मुकी प्रत आधी ड्रेस्डेनच्या याच बालवाडीत दाखवली. पाठी चुळबुळल्या की तेवढा तुकडा कापायचा, मग तो कितीही जीव ओतून केलेला असो.

"शेवटचा भाग वगळू या का?" तिचा जुना कॅमेरामन डेटलेफ यंत्रावर वाकत हळूच म्हणाला. "कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल ना! पोरांनी तोंड फिरवलं, तर उद्या स्टुडिओची किल्ली देऊन मोकळी होते. लाव तू."

गोष्ट साधी होती. लोकरीचं बदकाचं पिल्लू भर उन्हाळ्यात तळं शोधत निघतं. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. पण या वर्षी रोझविथाचे हात थरथर कापायला लागले होते. दर चित्रात पिल्लू जरा इकडे, जरा तिकडे पडलं होतं, आणि शेवटी शेवटी तर ते नुसतं लटलट कापत होतं.

तो भाग सुरू झाला. पाठी हलायच्या थांबल्या. सफरचंदाच्या फोडी चावल्याचा आवाजही बंद झाला.

"गारठलंय ते," एक मुलगा म्हणाला.

"मग घरी जा म्हणावं! वेडं कुठलं!"

"घर सापडत नाहीये त्याला. दिसत नाही का तुला?"

"अरे, उन्हाळा आहे तो..." डेटलेफ सांगायला गेला. रोझविथाने त्याची बाही ओढली.

पुढे बसलेली चिमुकली टिल्डा उठली. तिने ओंजळीत ऊब फुंकली आणि दोन्ही तळवे पडद्यावरच्या पिल्लाच्या अंगावर ठेवले. एरवी मध्ये उभं राहिलं की ओरडणारी पोरं आज गप्प होती.

रोझविथाला भरून आलं. या खोलीने तिला आजवर किती सांभाळून घेतलं होतं! मनातल्या मनात तिने त्या सगळ्या पाठींचे आभार मानले.

"बर्फ पाडावा लागेल," डेटलेफ कुजबुजला. "म्हणजे सगळं पहिल्यापासून. स्टुडिओतल्या तरुण मुलांना हाताशी घेऊ या का?"

"बर्फ पाडू देत की त्यांना," ती डोळे पुसत म्हणाली. "पिल्लाला मात्र मीच हात लावणार. असं कापणं त्यांना कुठून जमायचं?"