पंपखोलीतला डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे. तरणतलावाचं पाणी तापवणारा हीटर कधी पेटायचा आणि कधी थांबायचा, ते मी बघतो. कागदोपत्री माझं नाव कंट्रोल पॅनेल. पण पंपखोलीत येणारा प्रत्येक जण 'डब्याला काय झालं?' असंच विचारतो, आणि मीही आता त्याच नावाला ओ देतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या, आणि जोडता जोडता शेजारणीला आपल्या जावेबद्दल काहीतरी सांगायला घेतलं. जावेचं पुढे काय झालं ते कळायच्या आत माझं झाकण लागलं.

मग इथे आलो. हा तलाव दोन बहिणींचा. थोरली पोहायला शिकवते. तिला सगळे ताई म्हणतात. धाकटी पाणी सांभाळते. गाळणी धुणं, औषध टाकणं, पंप आणि मी, हे तिच्याकडे. त्यांची आई फाटकाजवळ खुर्ची टाकून बसते आणि ओल्या पायांनी फिरणाऱ्यांना दम भरते.

धाकटीचा माझ्यावर जीव. सकाळी आल्या आल्या ती माझ्यावरचा आकडा बघते, आणि मग तलावात हात घालून बघते. विश्वास आहे, पण खात्री करून घेते. घरातल्या माणसांशीही लोक असंच वागतात, असं माझं निरीक्षण आहे.

मध्यंतरी ताईचे गुडघे कुरकुरायला लागले. हा हंगाम संपला की तलाव बंद करावा, असं तिने मनाशी घेतलं. आणि ते बोलली कुणाजवळ, तर एका विद्यार्थिनीच्या आईजवळ. त्या बाईंनी धाकटीला गाठून काळजीने विचारलं, "मग आता तुम्ही काय करणार?" तलाव बंद होणार आहे, हेच धाकटीला माहीत नव्हतं.

तेव्हापासून दोघींचा अबोला.

"आई, तिला सांग, पाण्यात औषध जास्त झालंय."

"आई, तिला सांग, मुळीच झालेलं नाही."

हे बोलताना दोघी हातभर अंतरावर उभ्या असत. धाकटी चहासुद्धा पंपखोलीत आणून प्यायला लागली. मी उबदार असतो, म्हणून कप माझ्या डोक्यावर ठेवायची. हिंदकळला तर पुसायचं तिच्या ध्यानात नसे. मी चालवून घेतलं. सोबत होती.

एके दिवशी सकाळी माझा लाल दिवा लागला. मी हीटरला पेटायला सांगत होतो आणि हीटरपर्यंत ते पोचतच नव्हतं. तलाव गारठला. दुपारी लहान मुलांची तुकडी यायची होती.

"आई, तिला सांग, बिघडलाय तर बिघडू दे," ताई म्हणाली. "नाहीतरी बंदच करायचंय. आजच सगळ्यांना कळवून टाकते."

"आई, तिला सांग, मी दुरुस्त करतेय."

धाकटीने माझं बटण दाबलं, सोडलं, परत दाबलं. मग तळहाताने मला एक सणसणीत ठेवून दिली. या उपचाराने मला कधीच गुण आलेला नाही, पण माणसांना बरं वाटतं.

शेवटी तिने वायरमनला फोन लावला. तो दुसरीकडे अडकला होता.

"पंप चालू आहे? गाळणी साफ आहे?" त्याने विचारलं. "मग असं करा. एकाने फाटकाजवळचा मेन स्विच पाडायचा आणि वर करायचा. वर केला की लगेच दुसऱ्याने डब्याचं बटण दाबून धरायचं. आहे ना कोणी दुसरं?"

धाकटीने दारातून ताईकडे पाहिलं. "आहे," ती म्हणाली.

ताई स्विचपाशी जाऊन उभी राहिली, कारण आईने तिला तसं डोळ्यांनीच सांगितलं. आई तलावाच्या काठावर, दोघींच्या मधे.

"आई, तिला सांग, पाड!"

आईने मान वळवून सांगितलं. स्विच पडला, वर झाला. 'झाला' हा निरोप परत येईपर्यंत बटणाची वेळ निघून गेली. पुन्हा केलं. पुन्हा गेली. आईचा श्वास फुलला.

"मी काय टपालपेटी आहे का?" आई कडाडली. "तुमचं तुम्ही बोला. मी चालले टॉवेल वाळत घालायला."

आई खरंच गेली. पंप घरघरत राहिला.

"ताई," धाकटी ओरडली, "पाड!"

"पाडला!"

"कर वर!"

"केला!"

बटण अगदी वेळेवर दाबलं गेलं. उपयोग शून्य. वायरमनने फोनवर सांगितलं, "मेन बंद ठेवा आणि झाकण उघडून आत बघा." मेन पाडून ताई स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन पंपखोलीत आली. कितीतरी दिवसांनी.

आत मुंग्या होत्या. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि वीज पुढे जाते, नेमक्या तिथे चिरडून त्यांचा थर बसला होता.

"इथे कशाला मरायला आल्या या?" ताई म्हणाली. मग तिला माझ्या डोक्यावरचे कपाचे गोल, चिकट डाग दिसले. "तू चहा इथे पितेस?"

"मग कुठे पिऊ?"

ताईने बॅटरी हातात घेतली. धाकटी जुन्या ब्रशने पट्ट्या घासू लागली.

"उजेड इकडे धर."

"धरलाय की."

ब्रश थांबला. "मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू रडली असतीस."

"मग रडले असते."

बॅटरीचा उजेड जरा हलला, मग पुन्हा जागेवर आला. "हो," ताई म्हणाली. "चुकलंच माझं."

मेन वर झाला आणि हीटर पेटला. पाणी दुपारपर्यंत तापणार नव्हतं, म्हणून ताईने मुलांच्या घरी फोन केले. प्रत्येकाला तिने एवढंच सांगितलं, "आज नको, उद्या पाठवा."

आता मी म्हातारा झालोय. माझी काच धुरकटली आहे, आकडा वाचायला धाकटीला डोळे बारीक करावे लागतात. पण तापवण्यात कसूर नाही, तेव्हा मला घाईने भिंतीवरून उतरवू नये, एवढी विनंती.

तलाव बंद करायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. त्यावर दोघी रोज भांडतात, तलावाच्या दोन काठांवरून, भर वर्गात. मुलं पाण्यात तरंगत ऐकत असतात. आत्ताही तेच चाललंय. पाणी पुरेसं तापलं, तसं मी हीटरला गप्प केलं. त्या दोघींना गप्प करायचं खातं माझ्याकडे नाही.