पालखीच्या वेळी उतरवलेला रिसीव्हर

मित्रांनो, मला तबकडी नाही म्हणून हसू नका. मी गाणगापुरातल्या बंडोपंतांच्या लॉजमधला जुना काळा टेलिफोन. बंगळूरच्या कारखान्यात घडलो, गुलबर्ग्याहून बसच्या टपावरून आलो आणि टेबलावर विणलेल्या रुमालावर बसलो. माझा रिसीव्हर उचलला की एक्स्चेंजमधला ऑपरेटर चन्नबसप्पा बोलायचा आणि हवं ते गाव जोडून द्यायचा. सोलापूर-पुण्याचे यात्रेकरू घरी खुशाली कळवायचे ती माझ्यातूनच. काय तोरा होता माझा!

बंडोपंतांचा एकच नियम मला जाचायचा. संध्याकाळी देवळात पालखी निघाली की माझी घंटा वाजता कामा नये. म्हणून त्यांच्या पत्नी सुमतीबाई रोज रिसीव्हर उतरवून टेबलावर ठेवायच्या, दार ओढून घ्यायच्या आणि पालखीला जायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांची पालखी कधी चुकली नव्हती.

समोरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर भीमराज आला. मादन हिप्परगा गावच्या बळीराम गुरुजींचा मुलगा. अमेरिकेत जाऊन हृदयरोगाचं शिकायचं, एवढा एकच ध्यास. त्यासाठी तिथल्या हॉस्पिटलात काम करत शिकायची जागा मिळावी लागते. तिला रेसिडेन्सी म्हणतात. बाहेरच्या डॉक्टरांना ती मिळणं महाकठीण. त्यासाठीची परीक्षा तेव्हा भारतात होत नव्हती, म्हणून कोलंबोला जाऊन तो ती पास झाला, ढीगभर अर्ज धाडले आणि नकारांची रीघ लागली. मग एक तार आली. एका हॉस्पिटलात ऐनवेळी एक जागा मोकळी झाली होती. गुरुवारी संध्याकाळी फोनवर मुलाखत आणि लगेच निकाल. जवळपास फोन म्हणजे मीच.

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपासून माझ्यासमोर बसला. दिवेलागणीला एक यात्रेकरू धावत आला. नदीच्या संगमावर त्याची मुलगी पाण्यात बुडाली होती, बाहेर काढली तरी श्वास नीट चालत नव्हता. भीमराजनं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं.

"अक्का, फोन आला तर..."

"कामून घाबरायलास? मी हाय की हितं. पळ तू," सुमतीबाई म्हणाल्या.

तो गेला. त्या खरंच माझ्यापाशी बसून राहिल्या. मग देवळात झांजा वाजल्या. त्या उठल्या, पदर सारखा केला, हातानं रोजच्यासारखा रिसीव्हर उतरवला आणि दार ओढून गेल्या. त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सवय फार वाईट, मित्रांनो.

थोड्या वेळानं रिसीव्हरमधून चन्नबसप्पा बोलायला लागला. "गाणगापूर, बोला. अक्का, अमेरिका लाईनवर हाय. कुणीतरी बोला की." त्याच्यामागून एक परका आवाज भीमराजचं नाव विचारत होता. खोली रिकामी. माझी घंटा बंद, मला तोंड नाही. माझा जीव नुसता तडफडला. मग लाईन तुटली.

भीमराज चिखलानं भरलेल्या पायांनी आला आणि उताणा रिसीव्हर बघून दारातच थांबला. तोवर सुमतीबाईही आल्या.

भीमराजनं रिसीव्हर कानाला लावला. "लई वरडलो, डॉक्टर," चन्नबसप्पा म्हणाला. "थांबणार न्हाई म्हणाले. दुसऱ्याला घेतो म्हणाले."

"माझ्या हातानं घात केला रे," सुमतीबाई खाली बसल्या.

"पोरगी वाचली, अक्का," एवढंच बोलून तो गेला. त्यांनी पाठवलेला चहा त्यानं कितीतरी दिवस परत धाडला. रागच होता तो, आणि का नसावा?

त्यानं पुन्हा अर्ज धाडले. इकडं सुमतीबाईंनी पालखी सोडली. झांजा वाजल्या की त्या माझ्याशेजारी पाट घेऊन बसायच्या, हात मांडीखाली दाबून.

"देवाला काय सांगू?" बंडोपंत कुरकुरायचे.

"म्हणावं, फोनपाशी बसलीय."

पुढच्या वर्षी ऐन पालखीत माझी घंटा वाजली. सुमतीबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "अक्का, अमेरिका," चन्नबसप्पा म्हणाला. त्यांनी खिडकीतून अशी हाक मारली की गर्दीनं वळून पाहिलं. भीमराज पळत आला. मुलाखत झाली आणि तिथल्या तिथं त्याला जागा मिळाली. शेवटी तो "थँक यू, सर" म्हणाला आणि रिसीव्हर कुशीत धरून रडला.

"नीट ठेव आता," सुमतीबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी उशिरा का होईना, त्या देवळात गेल्या.

आता माझी वायर तुटली आहे, अंगावर धूळ आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणासाठी थांबायचं कबूल केलंत, तर हातांवर लक्ष ठेवा. सुमतीबाई आज नाहीत. त्यांची सून नलिनीबाई मात्र पालखीला निघताना माझा मुका रिसीव्हर अजून जागेवर दाबून बघतात, आणि मगच दार ओढतात.