सारख्या अंतराच्या कड्या

“आधी वाकवून बघ. सरळ उभी असताना प्रत्येक काठी शहाणीच दिसते.”

हे वाक्य मी दुकानात ऐकले आणि त्यानेच माझे नशीब उघडले. मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे, मासे धरायची. दारामागच्या खुंटीवर माझी जागा आहे. स्वस्थ राहणे मात्र मला कधी साधले नाही. जिन्यावरून कुणी जड पावलांनी गेले तरी माझे टोक थरथरते. देवाने कुणाला शांत घडवले, मला असे घडवले.

माझे अंग बुडाशी जाड आणि टोकाशी गवताच्या काडीइतके बारीक आहे. पाठीवर रीळ बसते आणि रिळापासून टोकापर्यंत पाठीवरच छोट्या कड्या आहेत. त्यांतून दोरी धावते. कारखान्यात एका बाईंनी त्या कड्या एकेक करून रेशमी दोऱ्याने बांधल्या होत्या. टोकाकडे त्या जवळजवळ होत्या आणि मुठीकडे येताना लांब लांब होत गेल्या होत्या. बघणाऱ्याला वाटावे, काम घाईत उरकले आहे. पण काठी टोकाशी सगळ्यात जास्त वाकते, म्हणून तिथे दोरीला जास्त आधार लागतो. त्या बाई हे जाणून होत्या.

दुकानात माझ्या शेजारी ताठ काठ्या उभ्या होत्या. गिऱ्हाइके मला उचलत, हवेत हलवत आणि “लेचीपेची आहे हो ही” म्हणून परत ठेवत. उचल, हलव, ठेव. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. मग एके दिवशी ताई आली. ती शाळेची बस चालवायची. तिनेही आधी सगळ्यात ताठ काठीलाच हात घातला, तेव्हा दुकानदारकाकांनी ते वाक्य म्हटले.

त्यांनी शिशाची वजने भरलेली एक बादली जमिनीवर ठेवली आणि दोरीचे टोक तिच्या कडीला बांधले. “लांब फेकायचं असेल, मोठं धूड ओढायचं असेल, तर ताठ घे. तुला तळ्याच्या काठावर बसून लहान मासे धरायचेत ना? ताठ काठीला मासा कळतो तो निसटल्यावर. हिला तो नुसता हुंगून गेला तरी कळेल.”

ताईने मला उचलले. मी टोकापासून कमरेपर्यंत वाकले आणि बादलीचा भार अलगद तिच्या हातात पोचवला. ती हसली. “ही तर माझ्या बसच्या क्लचसारखी आहे. पायाला सगळं सांगते.”

त्या दिवसापासून मी तिची झाले. दर रविवारी आम्ही तळ्यावर जात असू. लहानगे मासे ती परत पाण्यात सोडायची. घरी आल्यावर हातपाय धुण्याआधी ती माझी एकेक कडी ओल्या फडक्याने पुसायची. हा तिचा नेम होता. अंगात ताप असतानाही तिने तो मोडला नाही. लोक विचारत, “काठी कुठून घेतली हो?” तेव्हा मी थोडी जास्तच थरथरायचे.

पुढे एकदा ताई बसच्या पायरीवरून पडली आणि तिचा उजवा खांदा दुखावला. ऑपरेशन करावे लागणार होते. तिचा धाकटा भाऊ तिच्याबरोबरच राहतो. चित्रांना चौकटी करून देण्याचे त्याचे दुकान आहे. भिंतीवरच्या दोन चित्रांमध्ये बोटभर फरक पडला तर त्याला जेवण जात नाही, म्हणून ताई त्याला फूटपट्टी म्हणते. दवाखान्यात निघताना तो दारात म्हणाला, “ताई, तू बरी होऊन ये. मग एका रविवारी मी तुझ्याबरोबर तळ्यावर येतो. वचन देतो. अख्खी सकाळ गप्प बसेन.”

“तू आणि गप्प? अरे, भूल द्यायच्या आधीच मला बेशुद्ध पाडायचा विचार आहे का तुझा?”

ती दवाखान्यात असताना फूटपट्टीने घर आवरायला काढले. त्याने मला टोक पुढे करून दाराबाहेर नेले, आणि वाऱ्याने दार धाडकन माझ्यावर आपटले. मी वाचले, पण कड्या चेपल्या. बिचारा फार कळवळला. त्याने नव्या कड्या आणल्या आणि आपल्या चौकटींच्या दुकानात टेबलावर मला आडवे ठेवून, मापून मापून, एकसारख्या अंतरावर बसवल्या. त्याच्या कामात सारखे अंतर म्हणजे देवच.

“अगं बाई! ही तर नवरीसारखी नटली,” घरी आल्यावर ताई म्हणाली. खोटे कशाला सांगू, मलाही तेव्हा मी देखणी वाटले.

खांदा बरा झाल्यावर ताई आणि मी तळ्यावर गेलो. मासा लागला, मी वाकले आणि पाठीतून आग निघाली. टोकाजवळ दोन कड्यांत एवढे अंतर पडले होते की, मी वाकताच दोरी थेट माझ्या पाठीवर घासू लागली. करवत चालावी तशी. त्या घासण्यात सगळे बळ जिरले. ताईला रीळ फिरवता फिरवेना. मासा निसटला. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. फूटपट्टीला दर रविवारी काही ना काही काम निघे, त्यामुळे हे बघायला तिथे कुणीच नव्हते.

तिसऱ्या खेपेला तिने मला खुंटीवर टांगले आणि भावाला म्हणाली, “हात गेला रे माझा.”

“पण डॉक्टर म्हणतात, हात बरा आहे.”

“डॉक्टर म्हणोत. ही काठी माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. एवढासा मासा ओढवत नाही, तर पोरांनी भरलेली बस काय वळवणार? पुढच्या सोमवारी रजा संपते, तेव्हा ऑफिसात सांगून टाकते, माझी बस दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

मित्रांनो, मी खुंटीवर तळमळत होते. मी खोटी साक्ष दिली होती आणि तिने ती देववाक्य मानली होती. ओरडून सांगावेसे वाटत होते, ताई, हात तुझा नाही गेला, कड्या माझ्या चुकल्यात! पण मला तोंड नाही. नुसते थरथरता येते, आणि माझ्या थरथरण्याकडे आता कोण लक्ष देणार?

शनिवारी फूटपट्टी तिला बळेच काठ्यांच्या त्या जुन्या दुकानात घेऊन गेला. “बस सोड, पण तळं नको सोडूस. हलकी काठी घेऊ.” नमुना दाखवायला मलाही बरोबर घेतले. दुकानदारकाकांचे केस पांढरे झाले होते, पण बादली तीच होती. ताईने नाराजीनेच एक नवी काठी उचलली आणि रीळ फिरवले. बादली सरसर वर आली.

ती थबकली. “काका, वजनं कमी केलीत का?”

“तुझ्यादेखतच तर भरली.”

ताईने तीच बादली माझ्या दोरीला बांधली. मी जीव तोडून वाकले. ‘बघ ताई, आता तरी बघ!’ असे मनात म्हणत राहिले. रीळ अडले. पण या वेळी पाण्यात बघायला मासा नव्हता, म्हणून तिची नजर माझ्या पाठीवर गेली. दोरी दोन कड्यांच्या मधून सरळ जात होती आणि माझ्या वाकलेल्या पाठीत रुतत होती.

“अरे फूटपट्टी,” ती हळूच म्हणाली, “ही भिंत नाही रे. ही वाकते.”

त्याचा चेहरा उतरला. तिने मात्र डाव्या हाताने आपला उजवा खांदा दाबून पाहिला, पुन्हा दाबला, आणि तिचे डोळे भरून आले. “सोमवारी बस मीच काढणार. चल घरी. काका, राग मानू नका, नवी नको.”

घरी येताच फूटपट्टीने आपल्याच हाताने बांधलेले दोरे कापले. दोरीचे टोक खिडकीच्या गजाला बांधून ताईने मला वाकवून धरले आणि तो कड्या चिकटपट्टीने लावून सरकवत राहिला, दोरी पाठीवरून सुटेपर्यंत. “हे दिसायला किती वेडंवाकडं आहे गं!” असे तो पुनःपुन्हा म्हणत होता. पण मोजपट्टी त्याने खिशातून काढली नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू निवडाल तेव्हा तिची चमक बघू नका. तिला कोणते काम करायचे आहे ते आठवा आणि ते करायला लावून बघा. दुरुस्त कराल तेव्हाही तसेच करा. आणि स्वतःचा हात गेला असे म्हणण्याआधी, हातातली वस्तू एकदा नीट तपासा. आम्ही मुक्या. तुमच्या नजरेवाचून आम्हाला दुसरी वाचा नाही.

कड्या दोऱ्याने बांधून वर लावलेले रोगण वाळले आणि पुढचा रविवार उजाडला. अजून नीट फटफटले नव्हते. रविवारी उन्हे अंगावर आल्याशिवाय न उठणारा फूटपट्टी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेला. त्याने थर्मासमध्ये चहा भरला. मग मला खुंटीवरून काढले, मूठ पुढे आणि टोक मागे असे फिरवले, आणि दार टाचेने अडवून ठेवत बाहेर नेले. जिन्यात त्याने मला कठड्याला टेकवले, थर्मास शेजारी ठेवला. आत ताईचा गजर वाजायला अजून वेळ होता. तो पायरीवर बसला आणि तिची वाट बघू लागला.

माझे टोक थरथरत होते. तो मात्र एक अक्षर बोलला नाही.